नाकमुरड्यांचं शून्य

इमारतीत त्यांना सगळे नाकमुरडे म्हणतात. पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त त्यांच्या बायकोत आहे आणि ती हिंमत ती दिवसातून चारदा तरी वापरते.

किळस हा या गृहस्थांचा जोडधंदा. लिफ्टचं बटण कोपराने दाबणार. शेजाऱ्याकडून आलेला पेपर मेलेला उंदीर धरावा तसा चिमटीत धरून वाचणार. नोकरी नगर कार्यालयाची वेबसाइट सांभाळण्याची. तिथे सकाळी पहिलं काम म्हणजे कीबोर्ड उलटा करून झटकणं. काल आपल्या खुर्चीत कोण बसून गेलं, हे त्यातून पडणाऱ्या चुऱ्यावरून त्यांना बरोबर कळतं आणि मग दुपारपर्यंत घास उतरत नाही. दुसऱ्याने लिहिलेला कोड उघडला तर विचारूच नका. "हे लिहिलंय की ओकलंय," असं पुटपुटत ते आधी हात धुऊन येतात.

तर झालं असं, की साहेबांना वेबसाइट मढ्यासारखी वाटायला लागली. "पान हललं पाहिजे हो. लोकांना वाटलं पाहिजे की आपण जागे आहोत." त्या पानावर चार फ्रेम होत्या, म्हणजे एका पानात बसवलेली चार छोटी पानं: पाण्याच्या वेळा, सूचना, साहेबांचे फोटो आणि तक्रारीचा अर्ज. नाकमुरड्यांनी जावास्क्रिप्टच्या पाच ओळी लिहिल्या. पानातल्या सगळ्या फ्रेम गोळा करायच्या आणि दर वीस सेकंदांनी प्रत्येकीला तिचाच पत्ता पुन्हा द्यायचा, की ती ताजी होऊन येते. ओळी इतक्या स्वच्छ उतरल्या की त्यांनी त्या स्वतःलाच दोनदा वाचून दाखवल्या. चाचणी म्हणून तक्रारीच्या अर्जात 'अबकड' लिहून पाठवलं. गेलं. बोटं विजेची, सात सेकंदही लागले नाहीत.

दीड महिन्यात तक्रारी आल्या शून्य. फोनवर तक्रार घेणं साहेबांनी कधीच बंद केलेलं. त्यांनी ते शून्य मोठ्ठं छापून भिंतीवर लावलं.

इकडे इमारतीच्या मागचा चेंबर तुंबला होता, नेमका नाकमुरड्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. काळं, फेसाळ पाणी झाकण उचलून बाहेर येत होतं आणि त्यावर जे तरंगत होतं त्याचं वर्णन जेवणाऱ्या माणसापुढे न केलेलं बरं. नाकमुरड्यांनी खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली, रुमालावर निलगिरीचं तेल शिंपडलं आणि बायकोला सांगितलं, "रीतसर अर्ज भर. घरच्यांची तक्रार मी तोंडी घेतली तर लोक बोटं दाखवतील."

बायको एका बोटाने टाइप करते. अकरा दिवस ती तेच करत होती.

"अहो, तुमचं ते पान माझं लिहिलेलं गिळतंय."

"पान काही गिळत नाही. तूच काहीतरी दाबत असशील."

"आता पुढच्या खेपेला तुम्हालाच दाबते."

रविवारी शेवटी ते तिच्या पाठीमागे उभे राहिले. तिने लिहिलं: 'आमच्या इमारतीच्या मागचा चें'. फ्रेम लुकलुकली. अर्ज कोरा. तिने चष्मा सारखा केला आणि न चिडता पुन्हा 'आमच्या'पासून सुरुवात केली.

"असं रोज होतं?"

"होतं ना. मला वाटलं, मीच हळू आहे."

नाकमुरड्यांना आपल्या त्या पाच स्वच्छ ओळी आठवल्या. सगळ्या फ्रेम, असं लिहिलं होतं त्यांनी. सगळ्या. अख्ख्या गावाचं लिहिलेलं ते दर वीस सेकंदांनी पुसत होते. त्या दिवशी त्यांनी तीनदा हात धुतले. समाधान झालं नाही.

सोमवारी ते साहेबांपुढे उभे. "साहेब, ते शून्य खोटं आहे. अर्ज भरताच येत नाही. एका ओळीचं काम आहे, ती एक फ्रेम वगळायची."

"खोटं कसं? कुणी तक्रार केली का?"

"करणार कशी, साहेब?"

"मग झालं तर." साहेबांनी कानातून करंगळी काढली, निरखून पाहिली आणि टेबलाच्या कडेला पुसली. "महिनाअखेर वरून पाहणी आहे. तोवर हात लावायचा नाही. लावलात, तर खुर्चीचं सांगू शकत नाही."

नाकमुरडे त्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मग जागेवर आले आणि कीबोर्ड न झटकताच बसले. फ्रेम तक्रारीची असेल तर सोडून दे, एवढी ओळ घातली. घरी फोन लावला. "आता लिही. सावकाश लिही."

तिने लिहिलं. अगदी ऐसपैस. शेवटी भर घातली: 'ही तक्रार बावीस वेळा पुसली गेली. पुसणारा माझ्याच घरात जेवतो, त्याचं मी बघून घेईन.'

संध्याकाळपर्यंत एकशे चार तक्रारी आल्या. भिंतीवरचं शून्य साहेबांनी स्वतः काढलं आणि विचारलं, "कुणी हात लावला?"

"मी."

खुर्ची गेली. वेबसाइट दुसऱ्याकडे, आणि नाकमुरड्यांकडे जागेवर जाऊन तक्रारींची पाहणी करायचं काम. गटारं, उकिरडे, सार्वजनिक संडास. साहेब माणूस ओळखून शिक्षा देतात, एवढं मानावं लागेल.

पहिला पत्ता घरचाच निघाला. नाकमुरडे कागद आणि पेन घेऊन चेंबरपाशी उभे राहिले. एका हातात कागद, दुसऱ्यात पेन, रुमाल धरायला हातच उरला नव्हता. बाजूला पंप लावायला आलेली दोन माणसं नळी सोडत त्यांच्याकडे बघून हसत होती.

वर खिडकीची चिकटपट्टी टरकन निघाली.

"वाकून बघा नीट," बायको म्हणाली. "आणि सगळं लिहा. घाई नाही, कुणी पुसत नाही आता."

ते वाकले.