चार दोऱ्यांचं टेबल

९ फेब्रुवारी. काम एकच: कॅम्परमधलं जेवणाचं टेबल हलायचं थांबवणं. दुसऱ्या दिवशी मंडणगडला निघायचं होतं.

कॅम्पर म्हणजे एक जुनी स्कूल व्हॅन. नवऱ्याने मागच्या सुट्टीत तिच्यात दोन बाकं, छोटा ओटा आणि टेबल बसवलं आणि तो परत बोटीवर गेला. टेबलाला एकच पाय, लोखंडी पाइपचा. तो गाडीच्या तळाला स्क्रूने बसवलेल्या वाटीत खोचायचा. झोपताना उपसला की फळी दोन बाकांच्या मध्ये बसते आणि पलंग होतो. कल्पना चांगली, पण टेबल डुगडुगायचं.

सासऱ्यांना ते चालणार नव्हतं. त्यांची डावी बाजू अधू आहे. डावा हात टेबलावर टेकून ते तोल सांभाळतात आणि उजव्याने खातात. आदल्या आठवड्यात लांज्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत चहा ओतला, त्यांनी हात टेकला आणि अख्खा कप मांडीवर. झालं, मंडणगड रद्द! तिथे त्यांची थोरली बहीण राहते. तिच्या घराच्या पायऱ्या यांना चढवत नाहीत, म्हणून दोघांची भेट पाच वर्षं झालेली नाही. ती खाली रस्त्यावर येणार आणि भावाबरोबर गाडीतच जेवणार, असं मी ठरवलं होतं.

"तिच्यासमोर लाळेरं बांधून बसू काय?" ते म्हणाले. "टेबल हलला तर मी नाय येत."

दुपारचं जेवण उरकून मी गाडीत शिरले. ते बाकावर येऊन बसले, देखरेखीला. वाटीचे स्क्रू प्लायवूडमध्ये सैल झाले होते. लांब स्क्रू मारले. पाइपला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. तरी वरची फळी डुलतच राहिली.

मी तशीच टेबलाखाली उताणी पडून राहिले. गाडी आंब्याखाली उभी होती आणि पानांतून आलेला उजेड छतावर पाण्यासारखा हलत होता. सासरे तरुणपणीच्या शिडाच्या होडीबद्दल काहीतरी सांगत होते: वारा पडला की समुद्र कसा तेलासारखा होतो, होडी पुढे जाते की किनारा मागे सरतो ते कळत नाही. आवाज लांबून येत होता. आपली गाडी चाकांवर नाही, पाण्यावर आहे आणि हळूहळू सुटत चालली आहे, असं वाटायला लागलं. किती वेळ गेला कोण जाणे. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

"काय गो, झोपलीस काय?"

"नाही. टेबल ऐकत नाही."

"तू मघापासून पायाशीच मरत्येस. डोलकाठी काय बुडाला आवळून उभी राहते? वरनं चारी बाजूंनी ओढ दे तिला."

हे त्यांनी आधीच सांगायला हवं होतं. मी जाळ्याची नायलॉन दोरी आणली. बाकांच्या तळाला चार हुक बसवले. प्रत्येक हुकातून दोरी घेऊन ती फळीखाली, पाइपच्या वरच्या टोकाशी बांधायची. गाठी ते मारणार, डाव्या हाताचं काम मी करणार.

"ओढ. अजून ओढ. जेवलीस ना?"

"बाबा, पाय ठेवायला जागा नाही राहिली."

"आम्ही काय तिथे नाचणार हाय?"

एक टोक खेचलं की सुटेल अशी गाठ होती, पलंगही लागणारच होता. शेवटची दोरी ताणल्यावर त्यांनी डावा हात उचलून टेबलावर ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. टेबल हललं नाही. ते हात तसाच ठेवून डोळे मिटून बसले. समोरच्या बाकावर मीही बसले. टपावर मोहोर गळत होता. त्याचा खरंच आवाज येत होता की मला तसं वाटत होतं, सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पांढरा सदरा घालून माझ्या आधी गाडीत बसलेले. सांडतो म्हणून एरवी मी त्यांना अर्धाच कप चहा देते. त्या सकाळी काठोकाठ भरला, टेबलावर ठेवला आणि ते पिईपर्यंत टायरमधली हवा बघून घेतली. मग रिकामा कप विसळला आणि गाडी सुरू केली.