ढगे सरांचं आतडं

ढगे सर कॉलेजला दोन डबे घेऊन यायचे. एकात काकूंनी दिलेली भाकरी-भाजी, दुसऱ्यात मिठाच्या थंडगार द्रावणात पोहणारं बोकडाचं ताजं आतडं. डबे दिसायला जुळे. एकदा आमच्या हेडक्लार्कनं आपलेपणानं नेमका दुसरा उघडला. तो जो सुटला तो थेट पाथरीच्या गाडीत जाऊन बसला आणि तिथूनच बदलीचा अर्ज धाडला, असं मी सांगतो. जळणारे म्हणतात, नुसता जेवला नाही.

सर शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे, मी त्यांचा ज्युनिअर. आतड्याच्या अस्तरातून सोडियम पलीकडे कसं जातं, यातच सरांची हयात गेली. अस्तराचा तुकडा दोन काचपात्रांच्या मध्ये पडद्यासारखा ताणायचा, दोन्हीकडे तारा जोडायच्या. सोडियम पलीकडे चाललं की यंत्राचा काटा चढतो, अडलं की पडतो.

"सोडियम म्हंजे जिंतूरच्या एसटीचं पब्लिक," सर गरजायचे, आणि तो आवाज सोनपेठच्या बाजारात ऐकू जायचा. "अस्तरातली भोकं म्हंजे गाडीची दारं. हार्मोन म्हंजे डेपो मॅनेजर. लय सुस्त! पण एकदा हलला की दारं वाढवतो. आन औषध म्हंजे कंडक्टर. दारात हात आडवा, 'जागा न्हाई!' खेळ खलास."

सरांच्या निवृत्तीच्या तोंडावर प्राचार्यांचा डोळा सरांच्या या प्रयोगाच्या खोलीवर गेला. त्यांना तिथं कॉम्प्युटर मांडायचे होते. "ढगे, या काट्याचा कुणाला काय उपयोग, ते शुक्रवारी दाखवा. नाही पटलं तर खोली रिकामी करा."

शुक्रवारी सगळा स्टाफ जमला. सरांनी अस्तर ताणलं. काटा ढिम्म. द्रावण बदललं, तारा तपासल्या. काटा संपावर. सरांनी तुकडा नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उतरला. "चुना!"

लगेच खाटकाला, रज्जाकभाईंना, फोन. तिकडून अभिमानानं भरलेला आवाज आला, "सर, आज बडे साब आनेवाले बोले ना तुमे? मैं खुद चुना लगाको, उबलते पानी में धोको दिया. एकदम चकाचक!"

"अहो रज्जाकभाई, मला जितं अस्तर लागतंय! बोकड एकदा मेलं होतं, तुमी त्याला परत मारलंत की!"

सर स्कूटरवर निघाले ते असे, की बाजारातल्या कोंबड्या विजेच्या तारांवर जाऊन बसल्या. ताजं आतडं आलं. अस्तर ताणलं, काटा थरथरला. सरांनी हार्मोन टाकलं आणि मग नुसतं बसून राहिले. स्टाफ पांगला. प्राचार्य जेवून, डुलकी काढून परत आले, तेव्हा कुठं डेपो मॅनेजर जागा झाला. काटा चढू लागला, चढतच गेला. सरांनी औषधाचे थेंब सोडले. काटा धाडकन खाली.

"हे कोणतं औषध?" प्राचार्य पुढं वाकले.

"तुमच्या बीपीच्या गोळीतलंच, साहेब. मिठातलं सोडियम अंगात कमी मुरावं, बीपी चढू नये म्हणून. मागं तुमीच पट्टी दाखवली होती."

प्राचार्य घुटमळले. "मी ती सोडलीय. बरं वाटायला लागलं म्हणून."

सरांनी औषध धुऊन काढलं. काटा पुन्हा निघाला वर.

"परत टाका," प्राचार्य म्हणाले. पडला. "परत धुवा." चढला. संध्याकाळपर्यंत साहेबांनी त्या काट्याला इतकं वरखाली पळवलं, की त्यालाच घाम फुटला असावा. शेवटी त्यांनी मला विचारलं, "जवळचं मेडिकल कुठलं उघडं असेल?" आणि दारातून वळून, "कॉम्प्युटर लायब्ररीत लावा."

निवृत्तीच्या दिवशी सरांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. आता भाषण होणार म्हणून मी सावरून उभा राहिलो.

"एक ध्यानात ठेव," सर म्हणाले. "माणसाला स्वतःच्या पोटातलं सांगून पटत न्हाई. बोकडाचं दाखवावं लागतं."