काकूच्या दंडावरचे निळे डाग

जानेवारीतला शनिवार, दिघोरीला काकूकडे गेले होते. तिने चहाचा कप पुढे केला, साडीचा पदर सरकला आणि दंडावर दिसला... मोठा निळा डाग. त्याच्या खाली अजून एक, कडेने हिरवट.

मी बायोकेमिस्ट्री शिकते आणि गेलं वर्षभर मला या डागांचंच वेड आहे. कातडीखाली रक्त का सांडतं, निळ्याचं हिरवं आणि हिरव्याचं पिवळं कसं होतं, कोणत्या मलमाचा खरंच उपयोग होतो आणि कोणत्याचा नुसता बोलबाला... मिळेल तो रिसर्च पेपर वाचते. घरी, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये, आई वैतागते, म्हणते जेवताना तरी रक्त नको.

कुठे लागलं विचारलं, तर काकू म्हणाली, "कुठीच नाही लागलं पोरी. आपोआप होऊन राहिलं."

आपोआप... मार खाणारी बाईही हेच सांगते. गावाने तर तेच धरलं होतं. शेजारची बाई मला नळावर बाजूला घेऊन म्हणाली, "तुया काकाले समजाव थोडी. वरून गाय दिसते मानूस."

काका अंगणात खाटेवर बसले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "मी हात नाही लावला तिले." नजर खालीच. खरं सांगते, मला कळेना काय मानावं.

डागाच्या रंगावरून तो किती जुना हे नक्की सांगता येत नाही, हे मी वाचलेलं होतं. पण डाग कुठे कुठे आहेत ते तरी बघता येतं. काकूला आत नेऊन बघितलं... मांडीच्या मागे, पोटावर, कळशी टेकते त्या कमरेवर. रविवारी सकाळी तिने दात घासले तर चूळ लाल. कोणी दंड धरून हिसडल्याने हिरड्यांतून रक्त येत नाही.

त्याच दिवशी काकांनी गाडी बोलावली आणि आम्ही तिला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. रस्ताभर मी मनात प्लेटलेट्स, प्लेटलेट्स करत होते. रिपोर्ट आला... प्लेटलेट्स नॉर्मल. माझी सगळी हुशारी तिथेच संपली. आणि नर्सने जिथे सुई टोचली होती तिथला कापूस मात्र परत परत बदलावा लागत होता.

मग रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट केली. ते गोठतच नव्हतं.

डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. रिपोर्ट बघून त्यांनी शांतपणे विचारलं, घरात उंदराचं औषध आहे का? मला एकदम क्लिक झालं. ते औषध व्हिटॅमिन केचं काम बंद पाडतं. मग रक्त गोठत नाही आणि उंदीर आतल्या आत रक्त सांडून मरतो. माणसाचंही तसंच होतं.

विषाची केस म्हणून दवाखान्याने पोलिसांना कळवलं, आता नळावरच्या गप्पांत तेही आले. काकांना बाहेर बाकावर बसवलं, शेजारी एक हवालदार. आत काकूला विचारलं, कोणी दिलं का... स्वतः घेतलं का. ती रडायलाच लागली. "मी काहून खाऊ जहर? माहं काय बिघडलं हाय?"

मॅडमनी तिला रडू दिलं. मग तिचा हात हातात घेऊन विचारलं, "घरात बाकी कोणालाच काही नाही झालं. असं काय आहे, जे फक्त तुम्हीच खाता?"

काकूने पदर सारखा केला. लाजल्यासारखं तोंड करून म्हणाली, "कनी."

आमच्याकडे धान गिरणीतून आलं की अख्खा तांदूळ वेगळा आणि तुटलेला वेगळा. ती कणी. अख्ख्याचा भात काकांचा, पोरांचा, पाहुण्यांचा. कणी काकू स्वतःपुरती शिजवते, सगळ्यांचं झाल्यावर. कोणी सांगितलं नाही तिला... कोणी नको पण नाही म्हटलं.

काकांना आत बोलावलं. "कोनती कनी?" त्यांनी विचारलं.

"धानाच्या खोलीतल्या डब्यातली. माही सरली होती ना. तुमी एरंडेल लावून ठेवली होती, ते."

"ते एरंडेल नोहोतं वो..." एवढं बोलून काका तिथेच खाली फरशीवर बसले.

धान्याला कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळतात, घरोघरी. काकूला तेच वाटलं. काकांनी उंदरांसाठी कणीत तेल आणि औषध कालवलं होतं. उरलेलं वाया कशाला म्हणून झाकण लावून ठेवलं. तिनेही वाया कशाला म्हणूनच धुतलं, शिजवलं आणि खाल्लं... दिवसेंदिवस.

मॅडमनी तो प्रश्न विचारला नसता तर काकू घरी परत जाऊन तोच डबा उघडणार होती. त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. मी वाचलेल्या पेपरांमध्ये पेशंट काय खातो हे विचारलेलं असतं. घरात वेगळं कोण खातं, हे मला तरी कुठे दिसलं नाही.

काकू आता घरी आहे. हे औषध शरीरातून लवकर जात नाही, म्हणून व्हिटॅमिन केच्या गोळ्या अजून कितीतरी महिने. मध्येच सोडल्या तर परत तेच. डाग पिवळे पडून राहिलेत... पण धोका टळला असं मॅडम अजून म्हणत नाहीत.

गाव आता काकांना काही बोलत नाही. काकाच बोलत नाहीत कोणाशी. मी निघाले तेव्हा स्टँडपर्यंत आले आणि मी एसटीत चढत असताना म्हणाले, "हात नाही लावला म्हनत होतो ना सगळ्याइले... नाहीच लावला. पन तिच्या ताटात बी कधी पाहलं नाही."

काल रात्री घरी जेवताना मी आईच्या ताटात पाहिलं. सकाळचा उरलेला भात होता.