‘अध्यापन नाही’चा रकाना

शिक्षणशास्त्रातल्या पीएचडीचं हे माझं चौथं वर्ष. फी, वसतिगृह, प्रवास, सगळं शिष्यवृत्तीतून. ज्याचं सगळं असं परस्पर भागतं त्याने दमायचं नसतं, असं लोकांना वाटतं. हळूहळू आपल्यालाही वाटू लागतं.

आज एका खेड्यातल्या शाळेत मागच्या भिंतीशी बसले होते. दर पाच मिनिटांनी बाई काय करताहेत, याची तक्त्यात खूण करायची. भागाकार शिकवता शिकवता बाईंनी फळ्याला हात टेकला आणि डोळे मिटले. पहिल्या रांगेतल्या मुलीने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. अख्खा वर्ग चूप. नियमाने ‘अध्यापन नाही’ या रकान्यात खूण करायला हवी होती. माझ्याने पेन उचलवलं नाही.

बाईंनी डोळे उघडले, ओशाळून हसल्या. “लिहिलंत का हो मॅडम?”

“नाही.”

“बरं झालं. तुमचं छान आहे, शिकायचे पैसे मिळतात. तुम्हाला कसला आलाय थकवा!”

त्या फळ्याकडे वळल्या, तसं मी भिंतीला डोकं टेकलं. डोळे कधी मिटले कळलं नाही. उघडले तेव्हा खडूचा आवाजसुद्धा थांबला होता. त्या मुलीचं बोट पुन्हा ओठांवर होतं. आणि बाईंचंही.