अस्तराचा कागद

सासरे गेल्यावर सासूबाई दिंडोरीजवळच्या गावाहून आमच्याकडे नाशिकला आल्या. त्यांना एकच मुलगी, माझी बायको. तरी जावयाच्या घरी राहायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. मी हॉलमध्ये आलो की डोक्यावरचा पदर सारखा करत त्या आत निघून जायच्या. माझ्यासमोर जेवायलाही बसत नसत.

मागची खोली त्यांना द्यायचं ठरलं. घर जुनं. त्या खोलीच्या भिंतींना पोपडे सुटलेले, वायरिंगसाठी फोडून कशातरी बुजवलेल्या चरी. पुट्टी करावी तर घासताना धूळ उडणार, आणि सासूबाईंना दमा. दुकानदार म्हणाला, "आधी जाड कोरा कागद चिकटवा, कपड्याला अस्तर लावतो तसा. त्यावर वॉलपेपर. बारीक खाचखळगे झाकले जातील."

मी रजा काढली. भिंती ओल्या करून पोपडे खरवडले, मोठे खड्डे भरून वाळू दिले आणि दुसऱ्या दिवशी कागद घेतला. अस्तर आडवं लावायचं, म्हणजे उभ्या वॉलपेपरचे सांधे त्याच्या सांध्यांवर येत नाहीत. भिंतीइतकी लांब पट्टी आणि मी एकटा. बायको शाळेत शिकवायला गेलेली. एक टोक चिकटवेपर्यंत दुसरं सुटायचं. शेवटी कागद फाटलाच. तेव्हा दारातून आवाज आला.

"मी धरू का?"

"तुम्ही कशाला त्रास घेता?"

"बसून बसून तरी काय करू?"

पदर खोचून त्या आत आल्या. त्या कागदाची घडी हातावर घेऊन मागे सरकायच्या, मी ब्रशने दाबत जायचो. छान जमत होतं. मग माझं स्टूल डगमगलं, मी कागद सोडला आणि खळीने माखलेली अख्खी पट्टी त्यांच्या डोक्यावर पडली.

"आरं मेल्या, धर की नीट!"

लगेच त्यांनी जीभ चावली. "चुकलं हो जावईबापू. तोंडातून गेलं."

मला हसू आवरेना. "माझी आई गेल्यापासून इतक्या हक्काने मला कुणी ओरडलंच नव्हतं," मी म्हटलं.

त्याही हसल्या. केसांतली खळ पुसता पुसता एकाएकी त्यांचे डोळे भरून आले.

"द्राक्षाच्या मांडवाची तार आम्ही दोघंच वढायचो. त्या टोकाला ते, ह्या टोकाला मी. त्यांच्या हातून कधी सुटली नाय."

मी चहा करून आणला. तिथेच जमिनीवर, कागदाच्या कपट्यांत आम्ही समोरासमोर बसलो. द्राक्षांचा पहिला बाग लावला तेव्हा सासरे रोज संध्याकाळी प्रत्येक वेलीशी कसे थांबायचे, हे त्या सांगत राहिल्या. चहा संपला तरी मी उठलो नाही.

संध्याकाळपर्यंत चारही भिंती पांढऱ्या झाल्या. अस्तर पक्कं वाळल्यावर वॉलपेपर निवडायला मी त्यांना दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने वेलबुट्टीचा कागद उलगडला. त्यांनी मान हलवली.

"वेली लय बघितल्या. तो निळा दाखवा, पाखरांचा."