काळोखाला सरावलेला डोळा

तीन आठवडे झाले. शाळेत चौथीचा वर्ग घेत होतो. शिपायाने दारातूनच सांगितलं, विसू फोटोवाला हर्णैला कामाला गेलेला, तिथेच तापाने वारला. मी फळ्यावरचं गणित पुरं केलं, खुर्चीत बसलो, आणि तास संपला तरी उठवेना. विसू माझा बालमित्र. गेली चार वर्षं मात्र रस्त्यात भेटलो की "काय रे?" "बरंय", एवढंच. तो अबोला माझा होता, त्याचा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

माझी मनू तेव्हा सहा वर्षांची. तिचा एकही फोटो नव्हता. लहान पोराचा फोटो काढला की आयुष्य घटतं, असं आई म्हणे. बायको गेल्यावर मनूला आईनेच वाढवलेलं, म्हणून शिकलासवरलेला मीही गप्प बसे. मनूला गोवर आला, छाती भरली, डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा धावत विसूकडे गेलो. आईने त्याला बजावलं, "खिडकी उघडायची नाय हां. पोरीच्या डोळ्यांना उजेड सोसत नाय. नि उजेडासाठी पेटवतात ती भकभकणारी दारूही नको."

विसूकडे उजेड मोजायची नळी होती. ती डोळ्याला लावायची. आत एकापुढे एक अंधूक होत गेलेले आकडे असत. शेवटचा जो दिसेल, त्यावरून कॅमेरा किती सेकंद उघडा ठेवायचा ते ठरे. तिपायीवरचा कॅमेरा बघून मनू भ्यायली. तेव्हा विसूने मला बाहेर घालवलं आणि अर्धा तास त्या काळोखात तिच्या उशाशी बसून राहिला. दाराआडून मला तिचं हसू ऐकू आलं... आठ दिवसांत पहिल्यांदा. मग त्याने नळीतून पाहिलं, फोटो काढला. दोन दिवसांनी मनू गेली. फिल्म धुतली, ती कोरी निघाली.

दोष शोधण्यात विसूने सगळा पावसाळा घालवला. नळी खोलली, काच पुसली, आपल्या खोलीच्या खिडकीला कांबळं ठोकून, समोर नारळ ठेवून पुन्हापुन्हा मोजलं. मग एका संध्याकाळी घरी आला.

"दत्तू, नळीत काय बिघाड नाय रे. काळोखात बसून डोळा सरावला माझा. दिसू नये तो आकडाही दिसला, नि मला वाटलं उजेड पुष्कळ आहे, म्हणून कॅमेरा लवकर मिटला. बाहेरून आल्या आल्या बघायला हवं होतं."

"मग बघायचं होतंस," मी म्हणालो.

आतून चहा येत होता. तो यायच्या आत विसू उठून गेला.

पोर भिऊ नये म्हणून माणूस तिच्याजवळ बसला, हा त्याचा गुन्हा. आणि मी? सहा वर्षं ती लख्ख उन्हात अंगणभर बागडत होती, तेव्हा विसूला हाक मारायला मला काय झालं होतं? आईचं नाव पुढे करतो झालं. खरं म्हणजे मला घाई वाटली नाही. पोरगी कुठे जात्येय, असंच वाटे.

परवा विसूच्या बायकोने त्याची खोली उघडून दिली. मी स्टुलावर बसलो, आणि तिथे पहिल्यांदा डोक्यात आलं... त्या अर्ध्या तासात मनू काय बोलली, कशाला हसली, हे विसूला ठाऊक होतं. चार वर्षं तो हाकेच्या अंतरावर होता. मी विचारलं नाही.