खात्रीचं पान
पंगतीत केळीच्या पानावर गरम वरण पडलं की जो वास सुटतो, तोच वास आमच्या धुळ्याच्या प्रयोगशाळेत पान उकळताना यायचा. केळीवरचा विषाणू महागड्या मशीनवर सापडतो. तोच गरम पाण्यात ठेवलेल्या नळीत, नुसत्या रंगावरून, स्वस्तात सापडतो का, हे मी ताडून बघत होतो. विषाणू असला की गुलाबी द्रव पिवळा व्हायचा. तुलनेला खात्रीचं निरोगी पान हवं होतं, म्हणून आमच्या गावाहून, असोद्याहून, घरच्या केळीच्या बागेतलं आणलं. वडिलांनीच निवडून, ओल्या गोणपाटात गुंडाळून दिलेलं. आपल्या बागेवर कोण शंका घेतो? ती नळी पिवळी झाली. वाटलं, स्वस्त पद्धत फसली. मशीन लावलं, तेही तेच म्हणालं. मग बागेच्या चारी कोपऱ्यांतली पानं आणली, तर सगळ्याच नळ्या पिवळ्या, आणि मशीनचंही तेच. ‘‘दोन्ही पद्धती तंतोतंत जुळताहेत!’’ आमच्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. पानं कुठली, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हात धुतले आणि घरी फोन लावला. वडील म्हणाले, ‘‘मंग सगयी बाग उपडा लागीन.’’ आणि फोन ठेवता ठेवता, ‘‘तुही पद्धत बराबर निघाली ना पन?’’ मी हो म्हणालो. ‘‘मंग चांगलं झालं.’’ आता गावोगावचे शेतकरी माझ्याकडे पानं घेऊन येतात. नळीचा रंग ठरेपर्यंत पान कुणाच्या बागेतलं, हे मी विचारत नाही.